बायडाबाईची राखण

पैल्यांदा एक सांगून ठेवतो. माझ्या हॉटेलात डोक्यावर टोप घातलेल्या सायकलवाल्याला चहा मिळत न्हाई. पाणी देतो, पाण्याला कुणाला न्हाई म्हणू नये. पण चहा न्हाई, भजे न्हाई, बसायला बाकडं न्हाई. लोक म्हणतात, "पंडित, लागलेला धंदा कावून मोडतोस बे?" मोडतो! माझा धंदा हाय, माझ्या हातानं मोडीन. ज्या बाईपायी मोडला तिचं सगळं ऐका आन मंग मला शाना म्हणा का येडा म्हणा, माझी तकरार न्हाई.

तेलगाव सोडून डोंगराला लागलं की एक फाटा फुटतो. फाट्यावर माझं हॉटेल, आन आत डोंगराच्या पोटात आमची कोटवाडी. गावाच्या डोक्यावर जुना कोट हाय, तुमी किल्ला म्हणा. दोन बुरूज आन एक दरवाजा तेवढा धड हाय, बाकी ढासळलं. कोटाखाली तळं, तळ्याभोवती पळस, धावडा आन सीताफळीचं रान. दिसायला झकास हाय, ते मी कशाला न्हाई म्हणू? कोटाच्या दरवाजापासून तळ्यापर्यंत जी उतरण हाय तिच्यावर पवन्या गवत येतं, माणसाच्या कमरेएवढं. त्या गवतावर गावाची जनावरं जगतात. आन ते गवत राखायचं काम बायडाबाईचं.

पोळा झाला की उतरणीच्या कडेच्या दगडांना चुना फासतात. पांढरा दगड दिसला की त्याच्या पलीकडं एक बी जनावर जाणार न्हाई, मग ते पाटलाचं असो का धनगराचं. फक्त तळ्यावर पाणी पाजायला एक वाट मोकळी ठेवायची, तिला पाणवाट म्हणतात. दिवाळी झाली की गवत कापायचं, घरटी वाटा घालायचा आन डोंगर मोकळा. पाऊस कमी पडला त्या साली मात्र शिवरात्रीच्या सुमाराला परत एकदा चुना लागतो, म्हणजे जे काय वाळलं-सुकलं उरलंय ते मिरगापर्यंत पुरतं.

आन दगडाला चुना कुणी लावला ते विचारायचं न्हाई, असा आमचा दस्तूर हाय. घराघराची पाळी असती. एका घरानं लावला की त्यानं पुढच्या घराच्या कानात सांगायचं, "आता तू." झालं. तिसऱ्याला खबर न्हाई. कारण उघड हाय. लावणाऱ्याचं नाव फुटलं की कुणी त्याच्या हातापाया पडणार, कुणी शिव्या घालणार, कुणी दम देणार. म्हणून हात झाकलेला ठेवायचा. राखणदाराला तर तो बिलकुल कळता कामा न्हाई. राखणदाराला हात कळला की राखण त्या घरातून उठली, दुसऱ्या घरात गेली. लावणारा आन राखणारा एक झाले की गावाचा इश्वास राहत न्हाई, एवढी साधी गोष्ट हाय. अंगठेबहाद्दर मानसांनी केलेला दस्तूर हाय, पण कुठं भोक सापडंल तर दाखवा.

राखण बायडाबाईच्या सासऱ्याकडं व्हती, मग नवऱ्याकडं आली. नवरा लवकर गेला. लोक म्हणले, बाईमाणूस काय राखण करनार? पाटलाचं जनावर घुसलं तर बोलनार हाय का? बायडाबाईनं खांद्यावर घोंगडी टाकली, हातात काठी घेतली आन जाऊन बसली बुरुजावर. आवाज असा की कोटावरून हाळी दिली तर माझ्या हॉटेलातलं गिऱ्हाईक दचकायचं.

दुसऱ्याच साली आप्पाराव पाटलाची बैलजोडी दगड वलांडून गवतात घुसली. गडी झोपला व्हता. बायडाबाईनं बैलं धरली आन बिरोबाच्या देवळासमोर आणून बांधली. आप्पाराव म्हणजे तालुक्याला वजन असलेला माणूस, मागंपुढं जीपगाड्या. आता काय हुतंय म्हणून सगळे दारं अर्धी लावून बघायलेले. आप्पाराव आले ते पायी आले. आमच्याकडं या चोरीला पैशाचा दंड न्हाई. देवळासमोर उभं राहायचं आन आपल्या तोंडानं सांगायचं, "मी गवत चोरलं." त्या साली त्याची जनावरं डोंगरावर बंद. आप्पारावांनी पायातलं पायतान काढलं, टोपी काढली आन भरल्या गावात म्हणले, "बैलं माझी, चोरी माझी. मी गवत चोरलं." त्यांचं पोरगं, विजयसिंह, बापाचं बोट धरून बाजूला उभं व्हतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून सांगतो, त्या पोरानं मला न्हाई ठावं व्हतं म्हणू नये.

बायडाबाईला लेकरूबाळ झालं न्हाई. पण लग्न करून आली तवा दीर सटवा चड्डी सावरत हिंडायचा आन सासू खाटेला खिळलेली. तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं, तिनंच त्याचं लग्न लावलं. सटवा मोठा झाला, शेजारीच येगळं घर केलं, मेंढरं वाढवली, पण वैनीपुढं आवाज वर न्यायची छाती झाली न्हाई. जेवायला बसला तर पैला घास मोडायच्या आधी विचारणार, "वैनी जेवल्या का?" त्याची बायको चिडायची. म्हणायची, "सासू मेली म्हनून सुटले म्हनत व्हते, तर ही दुसरी." पण मनातून तिलाबी ठावं व्हतं, बायडाबाई त्या घराची आई हाय.

आता सायकलीचं सांगतो.

दोन-तीन वरसं झाली, रविवारी सायकलवाले यायला लागले. पुण्याकडचे, संभाजीनगरचे. जाड टायराच्या सायकली, गुडघ्याला वाट्या बांधलेल्या, डोळ्यावर रंगीत काच. कोटाच्या दरवाजातून जे सुटायचे ते पळसाच्या झाडातून, दगडगोट्यावरून धडधड खाली तळ्यापर्यंत. मग तळ्याच्या काठानं सांडव्यापर्यंत जायचं आन पलीकडच्या डोंगरात चढायचं. पोरं धाडसी व्हती, खोटं कशाला बोलू! एक पोरगी तर अशी उतरली की मी हातातली किटली तशीच धरून उभा राहिलो, चुलीवरचा चहा उतू गेला. माझ्याकडं यायचे, पोहे खायचे, हसायचे, "काका, तुमचं गाव म्हणजे खजिना आहे" म्हणायचे. मला बरं वाटायचं.

त्यांना आणणारा हाच विजयसिंह. आता थोराड झालाय, शहरात राहतो, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्याच्या डोक्यात आलं की इथं मोठी शर्यत भरवायची. कोट, तळं, जंगल, सगळं जगाला दाखवायचं. पंचायतीत कागदावर सह्या झाल्या, सरपंचानं मान डोलावली, त्याला तरी कुठं कळालं कशावर डोलावली ते! कोटवाडीत दवंडी न्हाई, बैठक न्हाई. साधं एक माणूस येऊन पारावर बोललं न्हाई.

शिवरात्र झाली. मागल्या पावसाळ्यात पाऊस कमीच झालता, त्यामुळं परत एकदा राखण बसनार हे सगळ्यांना ठावं व्हतं. आन एका सकाळी उतरणीवर दगड पांढरे दिसले. कोटाच्या दरवाजापासून खाली तळ्यापर्यंत, आन तिथून काठाकाठानं पार सांडव्यापर्यंत. एकदम ठळक, सरळ दोन वळींनी.

बायडाबाईनं बघितलं, घोंगडी उचलली आन बुरुजावर जाऊन बसली. कुणी विचारलं न्हाई, ती बी कुणाला बोलली न्हाई. दस्तूरच हाय तसा.

फक्त एक इचित्र झालतं. ह्या बारीला पाणवाट बी बंद झालती. पांढरी वळ गावाच्या आन तळ्याच्या मधून आरपार गेलती. म्हणजे तळ्यावर जायचं तर पार डांबरी सडकेनं वळसा घालून, सांडव्याच्या पलीकडून. लोक कुजबुजले. मी स्वतः बायडाबाईला म्हणलो, "आक्का, पाणवाट कवा बंद झाल्याली ऐकली का?"

ती म्हणली, "न्हाई ऐकली. पन तळ्यात पानी किती उरलंय बघितलंस का? लावनाऱ्यानं काय तरी इचार केला आसंल."

"पण इचारून तरी बघा."

"कुनाला इचारू? चुन्याला?" असं म्हणली आन माझ्याकडं अशी बघितली की मी गप चहा गाळायला लागलो.

मग सुरू झाले हाल. उन्हं चढायलेली, आन सगळ्या गावाची जनावरं तापल्या सडकेनं वळसा घालून पाण्याला चाललेली. बायडाबाईची शेरडं बी त्यातच. स्वतःला सूट घेईल ती बायडाबाई कसली! सकाळी शेरडं वळसा घालून पाण्यावर न्यायची, परत आणायची आन मग दिवसभर बुरुजावर उन्हात बसायची. तोंड काळं ठिक्कर पडलं. एक गाभण शेळी वाटंत बसली ती उठलीच न्हाई. बाया नळावर बोटं मोडायच्या, "हिला काय जातंय, म्हातारीला." आन ही बाई सायकलवाल्यांच्या शोभेच्या दगडाला पहारा देत व्हती! आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या.

त्यात सटवाची मेंढरं नुकती व्यालती. कोकरं एवढी एवढी, पाय लटपटायलेले. त्यांना सडकेनं नेणं म्हणजे मारणंच. दोन दिवस सटवानं घागरीनं पाणी आणून पाजलं. मेंढरं काय घागरीनं भागतात व्हय? तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्यानं कळप उतरणीनं सरळ खाली घातला, जिथं पाणवाट असायची तिथूनच. दगड वलांडले, मेंढरं पाण्याला लागली.

बुरुजावरून हाळी आली. मी हॉटेलात ऐकली.

मी पळत गेलो तवर बायडाबाई खाली उतरली व्हती. दीर समोर उभा, मागं मेंढरं पाणी पितायेत. ती म्हणली, "सटवा, दगड पांढरा हाय का न्हाई?"

सटवा म्हणला, "हाय."

"मग?"

"वैनी, कोकरं मरायलेत."

"माझी शेळी मेली. मी वलांडला का?"

सटवानं तोंड उघडलं. काय तरी बोलणार व्हता. ओठ हालले त्याचे, मी बघितलं. मग त्यानं मान खाली घातली आन गप झाला. मला वाटलं, वैनीपुढं बोलायची सवय न्हाई म्हणून गप झाला.

त्याच दिवशी सांच्याला सटवा बिरोबासमोर उभा राहिला. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलेलं. म्हणला, "मेंढरं माझी. मी गवत चोरलं." आवाज एवढा बारीक की मागच्यांना ऐकू गेला न्हाई. कुणी तरी म्हणलं, मोठ्यानं बोल बे! मग परत मोठ्यानं बोलला. त्याची बायको पदर तोंडावर घेऊन घराकडं पळाली. आन बायडाबाई? ती ताठ उभी व्हती.

जनावरं डोंगरावर बंद झाल्यावर धनगर गावात राहून करणार काय? दुसऱ्या दिवशी सटवानं घोड्यावर बिऱ्हाड घातलं, बायकोला घेतलं आन मेंढरं हाकत माजलगावकडं गेला, उसाच्या रानात. जाताना वैनीच्या पाया पडला. ती म्हणली, "मिरगाला ये." तो म्हणला, "वैनी, या गावात मला आता चोर म्हनतेत. कोन्त्या तोंडानं येऊ?" आन गेला. बायडाबाईनं त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. माझ्या बायकोनं भाकर नेऊन दिली तर म्हणली, "ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी भाकर तशीच व्हती.

मग आली ती शर्यत, पाडव्याच्या आधल्या रविवारी.

कोटाच्या दरवाजाला फुलांच्या माळा, फुग्यांची कमान, भोंगे. शंभरावर सायकलवाले. गाव सगळं बघायला लोटलेलं. बायडाबाई मात्र दगडाच्या अलीकडं काठी घेऊन उभी. आन सायकली त्याच पांढऱ्या दगडांच्या मधून सुसाट खाली गेल्या. मला तवाच चमकलं. पांढऱ्या दगडांच्या दोन वळी, आन त्यांच्या मधून बरोबर सायकलीची वाट. अरे देवा! मी बायडाबाईकडं बघितलं. तिला वाटलं, सायकल काय गवत खात न्हाई, जाऊ द्या.

बक्षिसाच्या वक्ताला माईकवर एक शहरातली पोरगी बोलायला उभी राहिली. चांगली पोरगी व्हती, तिचा काय दोष न्हाई. म्हणली, "आता एका खास व्यक्तीचा सत्कार! या आज्जींनी गेला महिनाभर स्वतःहून आपल्या ट्रॅकचं रक्षण केलं. एकही जनावर ट्रॅकवर येऊ दिलं नाही. बायडाबाई आज्जींसाठी जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. दोघी-तिघींनी बायडाबाईला धरून स्टेजवर नेलं. विजयसिंहानं शाल टाकली, नारळ दिला, फोटो निघाले. बायडाबाई शालीकडं बघायली, लोकांकडं बघायली. मग तिनं त्या पोरीला इचारलं, आन माईक जवळच असल्यामुळं सगळ्या गावाला ऐकू आलं, "टरक म्हंजी काय गं बाई?"

पोरगी हसून म्हणली, "आज्जी, ते पांढरे दगड लावलेत ना, ती सायकलची वाट."

बायडाबाईनं एकदा दगडांकडं बघितलं. मग तिनं आजवर कोटवाडीत कुणी तोंडातून काढला न्हाई तो सवाल केला. विजयसिंहाकडं वळून म्हणली, "दगडाला चुना कुनी लावला?"

म्हातारी माणसं माना वळवून एकमेकांकडं बघायली. विजयसिंह मात्र हसत हसत म्हणला, "आमच्या पोरांनी लावला, मावशी. स्पर्धकांना कडा दिसावा म्हणून. छान दिसतोय ना?"

"आन पानवाट?"

"कसली पाणवाट?"

बायडाबाईनं शाल खांद्यावरून काढली, घडी घातली आन टेबलावर ठेवली. नारळ त्याच्यावर ठेवला. म्हणली, "मला हे नको. एकच काम कर. ह्या भोंग्यात सांग की सटवा चोर न्हाई. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग."

त्याला सटवा कोण तेच ठावं नव्हतं! तो म्हणला, "मावशी, बक्षिसं होऊ द्या, पाहुणे थांबलेत. मग बघू आपण." आन हातानं खूण केली, की भोंग्यातून गाणं सुरू. बायडाबाई वर उभी राहून काय तरी बोलायली, आन गाणं एवढं मोठं की तिचं तोंड हलतानाच फक्त दिसायलं. ज्या बाईची हाळी कोटावरून फाट्यापर्यंत जायची, तिचा आवाज चार हातावर ऐकू आला न्हाई.

मला राहवलं न्हाई. मी गेलो वर आन विजयसिंहाचा दंड धरला. म्हणलो, "तुझ्या बापानं बिरोबासमोर टोपी काढली तवा तू त्याचं बोट धरून उभा व्हतास. पांढरा दगड म्हणजे काय ते तुला ठावं न्हाई?"

तो म्हणला, "पंडितकाका, ते जुनं कधीच बंद झालं असेल असं मला वाटलं." मग जरा आवाज चढवून म्हणला, "आणि दगडाच्या पलीकडे जाऊ नका असं आम्ही कुणाला म्हणलं का? एक माणूस दाखवा."

बघा! हे असं असतं. खरंच बोलला तो. त्यानं कुणालाच काय म्हणलं न्हाई. त्यांनी आमच्या डोंगरावर आमचीच भाषा लिहिली आन आमाला इचारलं सुद्धा न्हाई की ह्याचा अर्थ काय हुतोय. गाभण शेळी मेली, घर फुटलं, एका इमानदार माणसानं भरल्या गावात सोताला चोर म्हणवून घेतलं, आन ह्यांचा अपराध काय? काहीच न्हाई! कागद साफ, सह्या साफ, हात साफ. अशा माणसाला शिव्या तरी कुठं धरून घालाव्या? तरी मी घातल्या, त्या इथं सांगत न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फटफटी काढली आन बायडाबाईला मागं बसवलं. सटवाला शोधायचं व्हतं. तेलगाव गेलं, पुढं उसाची रानं लागली. तोडणी उरकलेली, रानं उघडी पडलेली. अशा रानात शेतकरी मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत पडतं म्हणून. इचारत इचारत पाटाच्या कडेला कळप दिसला. सटवाची बायको तीन दगडांच्या चुलीवर कालवण करत व्हती. वैनीला बघून सटवा उठून उभा राहिला.

बायडाबाई त्याच्यासमोर गेली. मेंढरं आजूबाजूला, वर ऊन. तिनं पायातल्या वहाणा काढल्या. आमच्या दस्तुराला काढतात तशा. आन म्हणली, "सटवा, दगड खोटे व्हते. त्या सायकलवाल्यांनी लावलते. तू चोर न्हाईस. चूक माझी हाय. मी माझ्या तोंडानं सांगते, ऐक. चूक माझी."

सटवानं खाली बसून एक कोकरू जवळ घेतलं. मग म्हणला, "वैनी, मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"दगड खोटे हायेत ते."

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई." तो कोकराच्या पाठीवर हात फिरवायला. "औंदाची पाळी माझी व्हती. चुना मीच लावनार व्हतो, दोन दिसांनी. मी जायच्या आधीच दगड पांढरे झाले. पानवाट बंद बघितली तवाच कळलं, हा कोटवाडीचा हात न्हाई."

तळ्याच्या काठावर हालणारे ते ओठ मला दिसले.

बायडाबाई म्हणली, "मुडद्या! मग बोलला कावून न्हाईस? बिरोबासमोर उभा राहिलास, गावानं तुला चोर म्हणलं, मी तुझ्या तोंडावर बोलले! एक शबुद बोलला असतास तर!"

"तुमालाच सांगायचं व्हतं ना? तुमाला हात कळला असता, तर राखण तुमच्या घरातून उठली असती." सटवानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. "दादा गेल्यावर तुमच्याजवळ दुसरं काय उरलं व्हतं, वैनी? ते माझ्या तोंडानं कसं घालवू?"

बायडाबाईनं त्याच्या छातीवर दोन बुक्क्या घातल्या. मग त्याचं डोकं खांद्यावर घेऊन रडली. एवढ्या वरसांत ती रडलेली मी बघितली न्हवती, नवरा गेला तवा सुद्धा न्हाई. सटवाची बायको बी चुलीपशी रडायली. मी पाटाकडं तोंड करून उभा राहिलो. त्या येळेला विजयसिंह समोर असता तर काय झालं असतं, सांगता येत न्हाई.

जेवण झाल्यावर ती सटवाला म्हणली, "घरी चल आता. गावाला मी सांगते."

सटवा म्हणला, "काय सांगनार? मी चोर न्हाई हे सांगायचं तर पाळी माझी व्हती हे सांगावं लागंल."

"सांगनार."

"मग राखण?"

बायडाबाईनं वहाणा पायात घातल्या. "आता मला कळलंय ना सटवा. कळलं म्हंजी कळलं. मी कुनाला फसवनार हाय? राखण उठली."

सटवा पाडव्याला घरी आला. मेंढरं आली, कोकरं आली. लोकांनी त्याला पारावर बसवलं, चहा पाजला, कुणी कुणी माफी मागितली. ते सगळं झालं. पण त्याच बैठकीत बायडाबाईनं काठी आन घोंगडी बिरोबासमोर ठेवली आन म्हणली, "आता दुसऱ्या घरानं घ्यावं."

मी एका एका तोंडाकडं बघितलं. कुणी मान खाली घातली, कुणी उठून गेलं. एक पोरगं हळूच म्हणलं, "घेऊन करायचं काय? पांढरा दगड दिसला की आता आधी इचारावंच लागंल, कुणी लावला म्हणून."

औंदाचा पोळा झाला. गवत चांगलं आलंय. सायकलवाल्यांनी त्यांच्या दगडांना परत चुना दिलाय, आन गावाची जनावरं आत्तापासूनच उतरणीवर सुटलेत. दिवाळीपर्यंत कापायला काय उरंल असं वाटत न्हाई. बायडाबाई आपली शेरडं घेऊन सडकेच्या बाजूला चारते, उतरणीवर नेत न्हाई. काठी आन घोंगडी अजून देवळातच हाय.